सेप्टिक टँकच्या शोषचरांवर भाजीपाला: लावण्याआधी काय पाहायचं, कुठे लावायचं

घराभोवती सपाट, मोकळी, दिवसभर ऊन मिळणारी एकच जागा असते आणि सेप्टिक टँकचं पाणी मुरवणाऱ्या पाइपांचे चर, म्हणजेच शोषचर, नेमके तिच्याखालून गेलेले असतात. तिथलं गवत इतर ठिकाणापेक्षा हिरवं दिसतं, माती मऊ असते, त्यामुळे चार वाफे करायचा मोह होणं साहजिक आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं: थेट या चरांवर खायची भाजी लावू नये. भाजीला जंतू लागतील ही भीती तर आहेच. त्याशिवाय बागेच्या खणण्याने, पाण्याने आणि वजनाने चरच निकामी होतात, आणि त्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. चर बिघडले की घरातलं सांडपाणी तुंबतं आणि अख्खी जागा पुन्हा खणावी लागते. बहुतेक ठिकाणी थोडी शोधाशोध केली तर भाजीसाठी दुसरी जागा निघते. ती कशी शोधायची आणि अगदीच नाही निघाली तर काय करायचं, हे क्रमाने पाहू.

पायरी 1: जमिनीखाली काय चाललंय ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका. पुढचे सगळे नियम हिच्यातून आपोआप कळतात.

घरातलं सगळं सांडपाणी आधी टँकमध्ये येतं. जड मैला तळाशी बसतो, तेल-चरबीचा थर वर तरंगतो आणि मधलं पाणी पुढे वाहतं. हे पाणी दिसायला बऱ्यापैकी निवळलेलं असतं, पण ते शुद्ध नसतं. टँक गाळ वेगळा करतो, जंतू मारत नाही. पुढे हे पाणी एका वाटप पेटीतून साधारण 4 इंच व्यासाच्या, भोकं पाडलेल्या पाइपांमध्ये जातं. हे पाइप खडी भरलेल्या चरांमध्ये टाकलेले असतात. खडीवर कापड आणि त्यावर माती. या सगळ्या जागेला कुणी लीच फील्ड म्हणतं, कुणी ड्रेन फील्ड. आपण शोषचर म्हणू. खडीवरची ही माती कित्येकदा जेमतेम 6 ते 12 इंच असते. म्हणजे नेहमीच्या कुदळीचा एक चांगला घाव बसला की आपण खडीपर्यंत पोचलो.

खरं शुद्धीकरण खडीच्या खाली होतं. चराच्या तळाशी जिवाणूंचा काळसर, बुळबुळीत थर तयार होतो. तो पाणी थोपवून धरतो आणि हळूहळू खाली सोडतो. त्याखालची माती ओलसर असते पण पाण्याने भरलेली नसते, तिच्या कणांमध्ये हवा खेळत असते. ही हवा वापरूनच मातीतले जिवाणू घाण खातात. रोगजंतू मातीच्या कणांना चिकटतात, उपाशी राहतात आणि मरतात. हे नीट व्हायला चराचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये 2 ते 4 फूट तरी अशी पाण्याने न भरलेली माती लागते. सांडपाण्यातला स्फुरद (फॉस्फरस) बराचसा मातीतच अडकतो. नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, मात्र अडकत नाही, ते पाण्याबरोबर खाली जातं.

थोडक्यात, ही यंत्रणा हवेवर चालते. पाणी खाली मुरायला हवं, वरून बाष्प होऊन उडायला हवं आणि मातीत हवा शिरायला हवी. यातलं काहीही बंद केलं की चर गुदमरतात.

आता जंतूंविषयी. या पाण्यात ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला हे जिवाणू असू शकतात. नोरो, रोटा आणि कावीळ अ चे विषाणू असू शकतात. जियार्डियासारखे परजीवी आणि पोटातल्या जंतांची अंडीही असतात. बारीक चिकणमाती जिवाणूंना थोड्या अंतरातच अडवते. वाळूत, मुरमात किंवा भेगा पडलेल्या खडकात ते बरेच लांब जातात, आणि विषाणू फार लहान असल्यामुळे आणखी लांब. पाणी फक्त खालीच जातं असंही नाही. बारीक मातीत ते केशाकर्षणाने, म्हणजे वातीत तेल चढतं तसं, वरही चढतं, आणि उन्हाने वरची माती सुकली, झाडांनी पाणी ओढलं की ही चढण वाढते. म्हणून «पाइप तर खाली आहेत, भाजी वर आहे» हा हिशेब पुरेसा नाही.

पायरी 2: चर नेमके कुठे आहेत ते शोधा

घर बांधताना केलेला नकाशा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर सांडपाण्याचा पाइप घरातून कुठे बाहेर पडतो ते पाहा. त्या रेषेत टँक असतो आणि टँकच्या पलीकडच्या बाजूने, बहुधा उताराकडे, चर निघतात. पाऊस थांबून बरेच दिवस झाले की सकाळच्या तिरप्या उन्हात गवताकडे नीट बघा. आजूबाजूचं गवत पिवळं पडलेलं असतं आणि चरांच्या वर समांतर हिरवे पट्टे उठून दिसतात. काही ठिकाणी तिथली माती किंचित खचलेलीही असते. एखादी बारीक लोखंडी सळई हाताच्या जोराने, हलकेच दाबत गेलात तर खडी लागल्याची करकर हाताला कळते. सळईवर हातोडा मारू नका, पाइप फुटेल. हे काम हातमोजे घालून करा आणि नंतर सळई धुऊन ठेवा.

सापडलेल्या टोकांवर खुंट्या ठोका आणि कागदावर नकाशा काढा. प्रत्येक खुंटीचं अंतर घराच्या दोन ठरावीक कोपऱ्यांपासून मोजून लिहा. दोन कोपऱ्यांपासूनची दोन अंतरं माहीत असली की खुंट्या निघून गेल्यावरही ती जागा कधीही अचूक सापडते. हा कागद घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा.

टँकचं झाकण मात्र स्वतः उघडू नका आणि आत डोकावू तर मुळीच नका. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे घातक वायू साठलेले असतात. टँकमध्ये पडलेल्या माणसाला काढायला उतरलेला दुसरा माणूसही जागीच बेशुद्ध पडतो, असे मृत्यू पुन्हा पुन्हा होतात. ते काम साधनं असलेल्या माणसांचं आहे.

तुमच्याकडे चरांऐवजी गोल शोषखड्डा असेल तरी या लेखातले नियम तसेच लागू आहेत. त्यात एका धोक्याची भर: जुन्या खड्ड्यावरची फरशी आतून कुजलेली असू शकते. तिच्यावर माती, कुंड्या किंवा माणसं, काहीच नको.

पायरी 3: चर धड आहेत का ते तपासा

त्या जागेवर चालताना पाय रुततात का? पाऊस नसतानाही ओल आहे का? घाण वास येतो का? घरातलं संडास-बाथरूमचं पाणी सावकाश उतरतं का? यातलं एकही उत्तर होय असेल तर सांडपाणी पृष्ठभागाजवळ आलेलं आहे. अशा वेळी भाजीचा विषय बाजूला ठेवा, मुलांना आणि जनावरांना तिथे जाऊ देऊ नका आणि आधी दुरुस्ती करून घ्या. टँक साधारण 3 ते 5 वर्षांनी उपसावा लागतो. शेवटचा कधी उपसला हे घरात कुणालाच आठवत नसेल, तर बागेचं सामान आणण्याआधी ते काम उरका. न उपसलेल्या टँकमधून गाळ पुढे वाहतो आणि खडीतल्या फटी बुजवतो.

पायरी 4: भाजीची जागा चरांपासून दूर काढा

नकाशावर चरांच्या कडेपासून सगळीकडे 10 फूट सोडा. वाळूची किंवा मुरमाड जमीन असेल तर याहून जास्त सोडा. उरलेल्या जागेत उताराची वरची बाजू निवडा, कारण मुरलेलं पाणी जमिनीखालीही उताराकडेच सरकतं. खालच्या अंगाला वाफा करायचाच असेल तर अंतर चांगलं वाढवा.

आता घराकडे नव्या नजरेने बघा. ऊन येणारी भिंत असेल तर तिच्या कडेला एक फूट रुंदीचा पट्टाही वेलांना पुरतो. गच्चीवर, जिन्यात, खिडकीच्या कठड्यावर कुंड्या चालतात. मिरची, टोमॅटो, वांगं, कोथिंबीर, पालक हे सगळं कुंडीत उत्तम येतं. दारासमोरच्या शोभेच्या झाडांची जागा भाजीला देऊन ती शोभेची झाडं चरांवर हलवता आली, तर अडचण मुळातूनच सुटते. माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यात जास्त विचार याच अदलाबदलीचा करावा. फुलांना जंतूंची फिकीर नाही आणि आपण फुलं खात नाही.

पायरी 5: उंच वाफ्याचा विचार असेल तर आधी हे वाचा

«जमिनीतच लावायचं नाही, वर एक फूट उंच चौकट करून नवी माती भरायची» हा उपाय हमखास सुचवला जातो. ऐकायला तो बिनधोक वाटतो, म्हणून त्याच्यावर थोडं थांबू.

4 फूट रुंद, 8 फूट लांब, 1 फूट उंच वाफ्यात 32 घनफूट माती बसते. ओल्या मातीचं वजन घनफुटाला सुमारे 45 ते 50 किलो धरलं तर एका वाफ्याचं वजन दीड टनाच्या आसपास जातं. चरांवर गाडी उभी करू नये हे सगळेच सांगतात. हे वजन गाडीइतकंच आहे, आणि गाडी निदान संध्याकाळी हलवता येते. खालची माती दबते, तिच्यातली हवा जाते. मातीचा एक फुटाचा जादा थर आला की बाष्पीभवनही मंदावतं. वर आपण रोज पाणी घालतो, ते झिरपून आधीच सांडपाण्याने भरलेल्या चरांत उतरतं.

मुळंही एक फुटावर थांबत नाहीत. मोकळी माती मिळाली तर टोमॅटोची मुळं 3 फुटांपर्यंत सहज जातात, भोपळ्याचीही तितकीच. खाली पाणी आणि नत्र दोन्ही मुबलक असल्यावर ती तिकडेच वळणार. हे टाळायला काही जण वाफ्याच्या तळाशी प्लास्टिक अंथरतात. त्याने मुळं थोडी अडतात, पण हवा पूर्ण बंद होते. चरांचं सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट कोणती म्हणाल तर मी हे प्लास्टिक म्हणेन.

उंच वाफे करा, पण चरांपासून 10 फूट लांब. तिथे त्यांच्यासारखं सोपं काही नाही.

पायरी 6: दुसरी जागा अजिबातच नसेल तर

आवार लहान आहे, कुंड्यांनाही जागा नाही, आणि चर धडधाकट आहेत, अशा स्थितीत धोका कमीत कमी कसा ठेवायचा ते सांगतो. मातीची धाटणी वाळूची असेल किंवा भूजल वर असेल, तर इथेही नकोच.

दोन चरांच्या मधली जागा घ्या, चराच्या थेट माथ्यावरची नाही. दोन चरांमध्ये बहुधा काही फुटांची न खणलेली माती असते, ती नकाशावर लगेच दिसेल.

मग पीक निवडा. गाजर, मुळा, बीट, रताळं, कांदा, लसूण, आलं, हळद, बटाटा अशी जमिनीत वाढणारी पिकं पूर्ण बंद. ज्या मातीवर शंका आहे तिच्यातच खायचा भाग वाढतो, आणि तो काढायला जमीन खोल उकरावी लागते. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस, कोबी याही नकोत. पानं जमिनीला टेकतात, पावसाच्या थेंबाबरोबर माती उडून त्यांच्या सुरकुत्यांत बसते, आणि यातलं बरंचसं आपण कच्चं खातो. शिवाय पालेभाज्या नायट्रेट साठवून ठेवतात. लेट्यूसची मुळं जंतूयुक्त पाणी शोषताना काही ई. कोलाय झाडाच्या आतही शिरतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. आत गेलेला जंतू धुऊन निघत नाही.

राहता राहिली मांडवावर चढणारी फळभाजी: दोडका, कारलं, पडवळ, दुधी, घेवडा. फळ जमिनीपासून दोन-तीन फूट वर लटकतं, मातीचा शिंतोडा तिथवर पोचत नाही आणि ही भाजी शिजवूनच खाल्ली जाते. मांडवाचे खांब मात्र चराच्या खडीत रोवू नका. काकडी वेलीवर वर वाढते, पण कच्ची खाल्ली जाते, म्हणून मी ती या यादीत घेत नाही.

शिजवण्यावर इतका भर का, ते आकड्यांतून कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये सांडपाण्यावरच्या शेतीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत प्रत्येक उपायाने जंतू किती घटतात याचे अंदाज आहेत. साध्या पाण्याने धुतलं तर जंतू साधारण दहापट घटतात. साल काढली तर शंभरपट. शिजवलं तर दहा लाखपट किंवा त्याहूनही जास्त. ठिबकने पाणी दिलं तर जमिनीलगतच्या पिकावर शंभरपट घट धरली आहे आणि उंच वाढणाऱ्या पिकावर दहा हजारपट. म्हणजे भाजी नळाखाली चोळून धुतली की झालं, ही समजूत सोडून द्यायची. फळ जमिनीपासून उंच असणं आणि भाजी नीट शिजणं, संरक्षणाचा बहुतेक भार या दोन गोष्टी उचलतात. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर या पायरीवरची सवलतही घेऊ नका.

पायरी 7: खणणं, पाणी, खत

नांगर, रोटरी टिलर, पहार यांना तिथे बंदी. हाताच्या खुरप्याने वरचे दोन-तीन इंच मोकळे करा, बस्स. काम करताना हातमोजे आणि बंद बूट घाला. ते बूट घरात आणू नका आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. खुरपं-विळा यांचा वेगळा संच ठेवला तर दुसऱ्या वाफ्यात माती जात नाही.

पाणी शक्यतो देऊच नका. रोप जगण्यापुरतं सुरुवातीला थोडं, मुळाशी, ठिबकने किंवा लोट्याने. फवारा नको. छपराचं पावसाचं पाणी या जागेवर पडत असेल तर चारी काढून दुसरीकडे वळवा. भाजी लावा किंवा लावू नका, हे काम कराच.

खत घालायची गरज नाही. खाली नत्र मुबलक आहे, वरून आणखी घातलं तर ते नायट्रेट होऊन भूजलात आणि शेवटी कुणाच्या तरी विहिरीत जाईल. पालापाचोळ्याचं जाड आच्छादन एरवी मला फार आवडतं, पण इथे ते ओल धरून ठेवतं, म्हणून टाळायचं.

पायरी 8: चरांवर मग लावायचं काय

गवत. आखूड, दाट मुळांचं, साधं गवत. ते पाणी आणि नत्र ओढून घेतं, माती धरून ठेवतं, वजन टाकत नाही आणि हवा अडवत नाही. नुसती उघडी माती ठेवू नका, पहिल्या मोठ्या पावसात ती वाहून जाते आणि खडीवरचं झाकण पातळ होतं.

फुलं हवी असतील तर झेंडू, सदाफुली, ऑफिस टाइम, झिनिया अशी उथळ मुळांची निवडा. रोपं छोटी घ्या म्हणजे खड्डाही छोटा पुरेल.

झाडं नकोत. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं पाण्याचा माग काढत येतात, पाइपाच्या भोकांतून आत शिरतात आणि केसांच्या गुंत्यासारखी पाइप भरून टाकतात. बांबूही तसाच. झाड पूर्ण वाढल्यावर जितकं उंच होईल, निदान तितकं अंतर चरांपासून सोडावं. केळी सांडपाण्याजवळ जोमाने येते आणि तिचं फळ उंच लागतं, साल काढून खाल्लं जातं. जंतूंच्या बाजूने पाहिलं तर तिचा धोका कमी. पण तिचा गड्डा दरवर्षी पसरत जातो, म्हणून तिलाही चरांच्या हद्दीबाहेरच ठेवा. शेवग्याचं मूळ खोल जातं, त्याला आणखी लांब.

पायरी 9: वाफे आधीच केलेले असतील किंवा चर बंद झाले असतील तर

चरांवर भाजी आत्ता उभी आहे आणि हे सगळं नंतर वाचनात आलं, तर घाबरून झाडं उपटू नका. उपटल्याने मुळांबरोबर खडीवरची माती आणि कापड वर येतं. जमिनीत वाढलेलं आणि पालेभाजी खाऊ नका. मांडवावरची फळं धुऊन, नीट शिजवून संपवायला हरकत नाही, अट एवढीच की चर धड असले पाहिजेत. मग झाडं जमिनीलगत कापा, मुळं तिथेच कुजू द्या. चढवलेली जादा माती घमेल्याने, हाताने उचला, यंत्र आणू नका. ती माती भाजीच्या दुसऱ्या वाफ्यात न टाकता फुलझाडांखाली पसरा. शेवटी गवताचं बी टाका.

घर सार्वजनिक गटाराला जोडलं गेलं आणि चर कायमचे बंद झाले, तर ती जागा कधीतरी भाजीला मिळू शकते, पण लगेच नाही. बरेचसे जिवाणू आणि विषाणू काही महिन्यांत मरतात, जंतांची अंडी मात्र मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अंदाज बांधायला एक मोजमाप उपयोगी पडतं. अमेरिकेत 1993 च्या नियमांनुसार, पूर्ण निर्जंतुक न केलेला मैल्याचा गाळ शेतात घातला तर मातीला टेकणारं पीक काढायला 14 महिने थांबावं लागतं, आणि जमिनीखाली वाढणाऱ्या पिकाला 38 महिन्यांपर्यंत. तो नियम शेतातल्या गाळाचा आहे, चरांचा नाही, पण त्याहून कमी थांबण्याचं काहीच कारण मला दिसत नाही. तोवर तिथे गवत राहू द्या. नंतरही पहिली दोन पिकं मांडवावरचीच घ्या आणि गाजर-मुळ्याची पाळी सगळ्यात शेवटी आणा.